चार पंज्या

वसईजवळच्या वटार गावात अँथनी तुस्कानोबद्दल विचारलंत तर माणूस आधी नाव घेणार नाही. एक टाळी वाजवेल, दोन्ही तळवे वर करून दाखवेल, मग हात उलटे करून मागची बाजू दाखवेल आणि म्हणेल, "हा ना?" हाच. जेवून ताटावरून उठताना, वाण्याच्या दुकानातून निघताना, रविवारी देवळात मिस्सा संपल्यावर बाकावरून उठताना याची आपली टाळी ठरलेली आणि हात दाखवणं ठरलेलं. पोरं नक्कल करायची, तो हसायचा. वीस-बावीस वर्षं बोटीवरच्या कॅसिनोत पत्ते वाटले, तिथला नियमच तो. डीलरने टेबल सोडताना आपले हात रिकामे आहेत हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं, मगच जागेवरून हलायचं. नोकरी सुटली तरी सवय काही सुटली नाही.

बोटीवर गेलेली माणसं आपल्याकडे काय कमी आहेत? कोणी स्वयंपाकी, कोणी वेटर, कोणी खाली इंजिनात. अँथनीही वेटर म्हणूनच गेला होता. पण बोटं लांब, डोकं थंड आणि बडबड कमी, हे तिथल्या कोणा साहेबाच्या नजरेत भरलं. त्याने शिकवलं, काळं जाकीट चढवलं आणि ब्लॅकजॅकच्या टेबलामागे उभं केलं. खेळ म्हणाल तर आपला एकवीसच. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेलात की मेलात. शाळेतली पोरंसुद्धा खेळतात. पण पोरं मोजत नाहीत, आणि त्या खेळाची सगळी गंमत मोजण्यात आहे.

ही गंमत त्याने पहिल्यांदा सांगितली ती इझाबेलला, आपल्या बायकोला. लग्नाला थोडी वर्षं झाली होती, ज्युली पाळण्यात होती आणि हा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. दुपारी जेवणं झाल्यावर ओट्यावर चटई टाकून दोघं पत्ते घेऊन बसली. पैशांऐवजी चिंचोके. घरात त्यांची आपली सामवेदी बोली चालायची, ती मी इथे सगळ्यांना कळावी म्हणून साधी करून सांगतो.

"दुर्रीपासून छक्कीपर्यंत लहान पानं," अँथनी म्हणाला. "त्यातलं एक पडलं की मनात एक वाढवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का ही मोठी. त्यातलं पडलं की एक कमी करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी आली तर गप्प बसायचं."

"एवढंच? मग त्याचं करायचं काय?"

"आकडा वर चढला म्हणजे लहान पानं निघून गेली, मोठी मागे राहिली. मोठी पानं खेळणाऱ्याच्या बाजूची, लहान माझ्या बाजूची. तेव्हा जास्त लावायचं. आकडा खाली गेला की हात आखडायचा."

"चोरीच की ही."

"कसली चोरी? डोळे उघडे ठेवून बसायचं, बाकी काही नाही. पण बोटीवर ते चालत नाही. कोणी मोजतोय असं दिसलं की आमचा साहेब येतो, खांद्यावर हात ठेवून गोड बोलतो आणि उठवतो."

इझाबेल म्हणाली, "म्हणजे मोजणारा नेहमी जिंकतो."

"छे गं. एक डच म्हातारा यायचा माझ्या टेबलावर. मोजणी अशी चोख, की मी मनात मोजायचो ते आणि तो पैसे लावायचा ते कधी चुकलं नाही. तरी पार धुऊन निघाला. मोठी पानं मागे आहेत एवढंच मोजणी सांगते, पुढचं पान कोणतं ते येजूला ठाऊक. हजारो डाव खेळलास तर थोडाबहुत फायदा, आजच्या दिवसाचं काही सांगता येत नाही. आणि डीलरने मध्येच पत्ते पिसले की सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. आता तर यंत्रं येणार म्हणतात, सारखी पिसतच राहणारी. त्यांच्यापुढे मोजणाऱ्याने रोझरी म्हटलेली बरी."

त्याने आणखी एक खोट सांगितली होती. मोजणीला पानाची ओळख नसते. दुर्री गेली तरी एक, पंजी गेली तरी एकच. खरं तर पत्त्यांच्या सगळ्या कॅटमध्ये पंजी हे डीलरचं सगळ्यात लाडकं पान. पंज्या निघून गेल्या की खेळणाऱ्याचं फावतं. पण ते काही मोजणी सांगत नाही.

इझाबेलला जिंकण्या-हरण्याचं फारसं नव्हतंच. तिला आवडलं ते वेगळंच. कॅटमध्ये लहान पानं जितकी, तितकीच मोठी. म्हणून शेवटच्या पानापर्यंत वाटलं तर वर चढलेलं आणि खाली उतरलेलं सगळं मिटतं आणि बरोबर शून्य येतं. तिने पहिल्यांदा हे केलं आणि शून्य आलं तेव्हा ती म्हणाली, "कुमसारात फादरपुढे पापं सांगून बाहेर आल्यासारखं वाटलं बघ." अँथनीने कपाळावर हात मारला. जगभरची माणसं ज्या विद्येवर पैसा लावतात, तिचा हिच्या लेखी उपयोग काय, तर जीव हलका होतो.

पुढे ती त्यात तरबेज झाली. शेवटचं एक पान उपडं राहिलं की ते उलटायच्या आधी सांगायची, "मोठं," नाहीतर "लहान," नाहीतर "मधलं." आकडा एकवर असेल तर राहिलेलं मोठंच असणार, त्याशिवाय शून्य कसं होईल? चुकायची नाही. मोजताना खालचा ओठ किंचित हलायचा, देवळात मनातल्या मनात प्रार्थना म्हणताना हलतो तसा. अँथनी चिडवायचा, "बोटीवर असतीस तर ओठावरून पकडली असती तुला." तो बोटीवर गेल्यावर केळीची वाडी तिनेच सांभाळली, ज्युलीला तिनेच मोठं केलं, राजेळी केळ्यांची सुकेळी मांडवावर वाळवून तिनेच विकली. आणि दुपारी एकटीच ओट्यावर बसून दोन्ही बाजूंचे पत्ते वाटायची. विचारलं तर म्हणायची, तिकडे तो मोजतोय, इकडे मी मोजते. त्या बाईची सगळी विरहाची वर्षं अशी गेली. तिने कधी कोणाजवळ तक्रार केली नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी विचारलंही नाही.

मग अँथनी कायमचा घरी आला. ज्युली लग्न होऊन बहारीनला गेली. दोन म्हातारी, एक वाडी आणि एक पत्त्यांचा कॅट. सुखाचे दिवस होते हो. आजूबाजूची मंडळी म्हणायची, आयुष्यभर दूर राहिली, आता देव व्याजासकट देतोय.

देव व्याज देता देता हात आखडतो, ते तेव्हा कोणाला ठाऊक?

आधी शेजारच्या आशालताला तिने आपल्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आशालताने हसून सोडून दिलं. मग एकदा आगाशीच्या बाजारात गेली आणि परतीची बस कुठून धरायची ते आठवेना, ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. मग गॅस चालूच ठेवून वाडीत गेली. वसईगावातल्या डॉक्टरने तपासण्या केल्या, डोक्याची चित्रं काढली आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, की विसरण्याच्या आजाराची ही सुरुवात आहे. फार हळू जाईल, कदाचित बरीच वर्षं काही अडणार नाही. काही दिवस चांगले जातील, काही वाईट. डोकं कामात ठेवा. आणि अँथनीला बाजूला घेऊन म्हणाला, "त्यांना मनाने खचू देऊ नका. खचल्या की हा आजार पुढे धावतो."

अँथनीने बाकी सगळं सोडलं आणि हे एक वाक्य धरून ठेवलं. हिला खचू द्यायचं नाही. घरातून हलू द्यायचं नाही, आपल्या ओट्यावर, आपल्या माणसाजवळ ठेवायचं. त्याला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

डॉक्टरकडून आल्यावर दोन गोष्टी बदलल्या. इझाबेलने शेवटचं पान सांगणं बंद केलं. अँथनी थांबायचा, ती काही बोलायची नाही, मग तो मुकाट्याने पान उलटायचा. आणि खेळताना ती तोंडावर हात धरून बसायला लागली, दाढ दुखत असल्यासारखी. अँथनीने ओळखलं, म्हणजे त्याला वाटलं की त्याने ओळखलं, की मोजणी गेली. विचारावं असं कितीदा मनात आलं. पण विचारायचं कसं? "इझा, आता तुला मोजता येत नाही का गं?" असं नवऱ्याने बायकोला विचारायचं? नाही विचारलं. माणूस समोरच्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसतो आणि त्याला वाटतं आपण फार चांगलं केलं.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला पानंही वाईट पडली. असं होतं. चोख मोजणाराही महिनामहिना हरतो, हे अँथनीनेच तिला शिकवलेलं. पण शिकवलेलं स्वतःच्या घरी कुठे आठवतं? ती हरत होती, तिचे चिंचोके त्याच्याकडे जमत होते, आणि ती दिवसभर गप्प गप्प असायची. त्याने ठरवून टाकलं की ही हरते म्हणून खचते.

तेव्हा त्याने ते केलं. एका दुपारी कॅट हातात घेतला, आत जाऊन चारही पंज्या काढल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या.

सगळ्या नोकरीत या माणसाने एक पान इकडचं तिकडे केलं नव्हतं. किती जणांनी आमिष दाखवलं असेल, हा बधला नाही. आणि आता चिंचोक्यांसाठी हात मारला. त्याला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. इतकी वर्षं जी विद्या परक्या लोकांसाठी वापरली ती पहिल्यांदा घरच्या माणसाच्या उपयोगी पडत होती. चार पानं गेली तर कॅट किती बारीक होतो? हाताला कळतं, पण ते त्याच्याच हाताला. ती काही पत्ते पिसत नव्हती. आणि मोजत नाही म्हटल्यावर तिला कळायची भीतीच नव्हती.

इझाबेल जिंकायला लागली. रोज नाही, पण पहिल्यापेक्षा बरीच. चिंचोक्यांचा ढीग तिच्याकडे सरकला. अँथनी तोंड पाडून म्हणायचा, "धुतलंस मला," आणि उठताना टाळी वाजवून रिकामे तळवे दाखवायचा. पंज्या त्या वेळी खिशात असायच्या.

पण ती काही खुलेना. जिंकायची आणि आणखीच मिटून जायची. जेवण कमी झालं. सुकेळीचा हंगाम आला तरी मांडवाकडे फिरकली नाही. अँथनीला कळेना, एवढी जिंकते तरी ही सुकतेय का? मग त्याने काय करावं? औषध लागू पडत नाही तर मात्रा वाढवली. पंज्यांबरोबर दोन छक्क्याही काढल्या. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच. अधूनमधून त्याचं मन खायचं, रविवारच्या मिस्सेनंतर तर हमखास, मग त्या दिवशी तो सगळी पानं गुपचूप परत घालायचा. अशा दिवशी इझाबेल बहुतेक हरायची. आणि हरूनही उठताना हलकी असायची, चहा टाकताना गुणगुणायची. अँथनीला वाटायचं, चला, आजचा दिवस चांगला. डॉक्टर म्हणाला होताच, काही दिवस चांगले, काही वाईट. या दोन गोष्टींची सांगड त्याने घातली नाही. कशी घालणार? तो तिच्या चिंचोक्यांकडे बघत होता.

राखेच्या बुधवारी दरवर्षीप्रमाणे कॅट घरातल्या वेदीखालच्या खणात गेला. उपवासकाळात या घरात पत्त्यांना हात लावायचा नाही, ही तिच्या आईपासूनची रीत. अँथनीने पंज्या आणि छक्क्या आपल्या जुन्या काळ्या जाकिटाच्या खिशात ठेवल्या. ईस्टर झाला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्याने चटई टाकली, खण उघडला.

"आता नको, अंतोन," इझाबेल म्हणाली.

"का गं?"

"नको वाटतं. ठेवून दे."

त्याने ठेवून दिला. मग रोज विचारलं, रोज तेच उत्तर. ती ओट्यावर बसून वाडीकडे बघत राहायची. विसरणंही वाढलं. सकाळी दात घासले की नाही ते दोनदा विचारायची. कधी दुपारच्या वेळी ज्युली शाळेतून आली का म्हणायची आणि मग स्वतःच ओशाळायची.

मे महिन्यात ज्युली बहारीनहून आली. आठवडाभर आई तिच्याशी आत बसून बोलत होती. मग एका सकाळी ज्युली बाबाला शोधत वाडीत आली. अँथनी केळीची सुकलेली पानं कापत होता.

"बाबा, आई म्हणते तिला होळी नाक्याजवळच्या सिस्टरांच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात ठेवा. तिने फादरशी बोलूनही घेतलंय."

अँथनीच्या हातातला कोयता थांबला. "तिला काय कळतं? आजारात बोलते ती."

"नाही बाबा, नीट विचार करून बोलते. म्हणाली, स्वतःला पारखून बघितलं. तू रोज पत्ते वाटायचास ना, तेव्हा ती मोजायची."

"ती मोजत नव्हती. डॉक्टरकडून आल्यापासून तिने मोजणं सोडलं होतं."

"मोजायची. तुझ्यासमोर चुकायला नको म्हणून बोलून दाखवायची नाही. ओठ हलताना तुला दिसतील म्हणून तोंडावर हात धरायची. तिने मनाशी ठरवलं होतं, शेवटी शून्य येतंय तोवर आपलं डोकं आपल्याजवळ आहे, तोवर घर सोडायचं नाही. आधी यायचंही बरोबर. मग पावसाळ्यात बिघडलं. कधी चार चुकायचे, कधी सहा. मधेच एखादा दिवस बरोबर यायचं, की पुन्हा चुकायचं. डॉक्टर म्हणाले होते तसंच अगदी. उपवासकाळापर्यंत वाट बघितली म्हणाली, आणि मग कळून चुकलं." ज्युलीने त्याच्या हातातला कोयता काढून घेतला. "बाबा, तिला कळत होतं रे सगळं. स्वतःचं जाणं ती रोज बसून मोजत होती."

अँथनी केळीला टेकला. मोजणी चोख होती. सगळ्या पावसाळ्यात, सगळ्या थंडीत ती एकदाही चुकली नव्हती. चार पंज्या काढल्या की बरोबर चारच चुकायला हवेत, दोन छक्क्याही काढल्या की सहा, आणि तसेच चुकले होते. मोजणी खोटं सांगत नाही, पण ती कॅट पुरा आहे असं धरून चालते. आणि कॅट कोण वाटत होतं? नवरा. नवऱ्याच्या हातावर कोण संशय घेईल? तिने संशय घेतला तो स्वतःच्या डोक्यावर.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. अँथनीला रडूही आलं नाही. तो तसाच घरी आला, जाकिटाच्या खिशातून पानं काढली, खणातून कॅट घेतला आणि ओट्यावर इझाबेलसमोर जाऊन बसला. चार पंज्या, दोन छक्क्या एकेक करून चटईवर मांडल्या आणि सगळं सांगितलं. कधी काढल्या, का काढल्या, कोणत्या दिवशी परत घातल्या.

इझाबेलने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला ज्युलीने सांगितलं ना? म्हणून हे रचलंस."

"रचलं नाही, इझा. खरं सांगतोय. तुझं एकदाही चुकलं नव्हतं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. तू पहिल्यापासून असाच."

"आईची शपथ घेऊन सांगतो." त्याने सहाही पानं कॅटमध्ये परत घातली. "हा घे कॅट, पुरा आहे. तूच पिस, तूच वाट, तूच मोज. मी हात लावत नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की तिला नाही म्हणवेना. तिने पत्ते पिसले, हळूहळू, दोन पानं खाली पडली ती उचलून. एकेक पान उलटत गेली. ओठ हलायला लागला. दहा पानं झाली, पंधरा झाली, वीस झाली. ओठ हलत होता. मग बदामाची सत्ती आली. सत्तीला काहीच करायचं नसतं, गप्प बसायचं असतं. ती गप्प बसली, आणि गप्पच राहिली. ओठ थांबला. पान हातात धरून तिने वाडीकडे बघितलं, मग चटईकडे, मग त्याच्याकडे.

"कुठे होते मी?" तिने विचारलं.

राखेच्या बुधवारापासून तिने पान हातात घेतलं नव्हतं. आपलं डोकं गेलं असं मानून ती इतके महिने बसली होती, आणि खचलं की आजार पुढे धावतो असं डॉक्टर म्हणालाच होता. आता हे जे थांबलं ते आजाराने, की त्याच्या पंज्यांनी, हे कोणीही सांगू शकणार नव्हतं.

इझाबेलने पानं गोळा केली, कडा जुळवून नीट त्याच्यापुढे ठेवली. "सांगत होते ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. त्याचीच समजूत घालत होती ती.

अँथनीला काय सुचलं कोण जाणे. त्याने टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले. "बघ, इझा. काही नाही. आता काही लपवलेलं नाही."

ती थोडीशी हसली. "हात रिकामे दाखवायचे ही तर तुझी नोकरीच होती, अंतोन."

पाऊस सुरू व्हायच्या आधी ती आश्रमात गेली. अँथनीने खूप विनवलं, ज्युलीने विनवलं, आशालता येऊन रडली. इझाबेल ऐकेना. म्हणाली, मी चांगली असताना जाते, म्हणजे तुला मला ढकलावं लागणार नाही. स्वतःची पिशवी स्वतः भरली. सिस्टर चांगल्या आहेत, जागा स्वच्छ आहे, समोर फुलझाडं आहेत. अँथनी रोज जेवून बसने जातो, कॅट खिशात घेऊन. सिस्टर त्याला चहा देतात. निघताना तो टाळी वाजवून हात दाखवतो, तिथल्या म्हाताऱ्या बायका खुदखुदतात.

व्हरांड्यात बसून तो तिला पत्ते वाटतो. पुरी बावन्न पानं, घरून निघताना दोनदा मोजलेली. ती कधी खेळते, कधी नुसती चित्रं बघते, राणीला कोणाचं तरी नाव देते. आता ती तोंडावर हात धरत नाही. शेवटचं पान उपडं राहिलं की तो थांबतो. ती काही म्हणत नाही, मग तो उलटतो.

गेल्या आठवड्यात तो असाच थांबला होता. ती पानाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मोठं."

त्याने पान उलटलं. किलवरचा राजा.

"इझा," तो म्हणाला, "कसं ओळखलंस?"

तिने त्याच्याकडे मायेने बघितलं. "तूच लावून ठेवलास ना?"

"नाही गं. कॅट पुरा आहे. देवाशपथ पुरा आहे."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर थोपटलं. मग तिचं लक्ष समोरच्या झाडाकडे गेलं.

परतीच्या बसमध्ये तो तेच आठवत बसला. मोजून म्हणाली, की सहज तोंडाला आलं म्हणून? ओठ हलला असेल तर कळलं असतं. आयुष्यभर ज्या ओठावरून तिला चिडवलं, तो हलत होता की नाही एवढंच बघायचं होतं. पण ते त्याने बघितलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष पानांवर होतं. तो स्वतः मोजत होता.